पाचारणाआधीची वर्षे

1883 साली पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या त्या डॉक्टर व्हायचे ठरवून. आदल्याच वर्षी पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी हिंदुस्थानातल्या बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात असे ठासून सांगितले होते. दुखणे अंगावर काढून मरतील, पण परपुरुषाला सांगणार नाहीत, अशा बायका त्यांनी गावोगावी पाहिल्या होत्या. आपण स्वतः वैद्यक शिकावे आणि परत येऊन हेच काम करावे, असा त्यांचा बेत होता. तो तडीस गेला नाही. त्यांना ऐकू कमी येत होते आणि बहिरेपणा वाढतच चालला होता. वैद्यकीय शिक्षणाचे दार त्यामुळे बंद झाले. त्या वेळी त्यांचे वय होते 25. आईवडील, बहीण, भाऊ आणि नवरा, सगळे गेलेले. सोबत दोन वर्षांची मुलगी, मनोरमा.

पुढे केडगावला निराधार मुलींसाठी जे मुक्ती सदन उभे राहिले ते आज आपल्याला माहीत आहे. त्यामुळे मागे वळून पाहताना सगळे ठरल्यासारखे वाटते. पण 1883 मध्ये उभे राहून पाहिले, तर दिसते ते निव्वळ विस्कटलेले आयुष्य. ख्रिस्ती धर्मात पाचारणाची, म्हणजे देव माणसाला एखाद्या कामासाठी हाक देतो या गोष्टीची, चर्चा होते तेव्हा बहुधा हाकेचा क्षणच डोळ्यांपुढे असतो : दिमिष्काच्या वाटेवर लखलखाट होतो आणि पौल खाली कोसळतो, किंवा झुडूप पेटलेले दिसते पण जळत नाही. या प्रकरणात मला त्या क्षणाच्या अलीकडच्या वर्षांबद्दल लिहायचे आहे. हाक येण्याआधी जे जगून झाले, ज्यात देवाचे नावही धड नव्हते किंवा वेगळ्याच नावाने होते, त्या वर्षांचे काय होते?

बायबलने या वर्षांना भरपूर जागा दिली आहे. योसेफाला भावांनी विकले तेव्हा तो 17 वर्षांचा होता आणि फारोपुढे उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा. मधल्या 13 वर्षांत तो पोटीफराच्या घरचा कारभार बघायला शिकला, मग तुरुंगाची व्यवस्था सांभाळायला शिकला. दुष्काळात अख्ख्या मिसर देशाची धान्यकोठारे सांभाळणारा माणूस असा गुलामगिरीत आणि कैदेत घडला. मोशे चाळीस वर्षे मिद्यानात सासऱ्याची मेंढरे राखत होता. त्याच रानातून पुढे त्याला एका सबंध लोकसमूहाला चालवत न्यायचे होते. पौल तंबू शिवण्याचे काम शिकला होता म्हणून करिंथ शहरात कोणावर भार न टाकता राहू शकला, आणि गमलियेलापाशी शास्त्र शिकला होता म्हणून त्याच शास्त्रातून ख्रिस्ताची बाजू मांडू शकला.

योसेफाच्या गोष्टीतली एक बारीक बाब मला फार महत्त्वाची वाटते. भावांनी केले ते वाईट हेतूने, पण देवाने त्यातून पुष्कळांचे जीव वाचवले, हे वाक्य उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायात येते ते योसेफाच्या तोंडी. भावांच्या तोंडी नव्हे. भावांनी तेच म्हटले असते, तर तो स्वतःच्या अपराधावर घातलेला पडदा ठरला असता. आणि योसेफसुद्धा हे विहिरीत असताना म्हणत नाही, तुरुंगातही म्हणत नाही. सगळे होऊन गेल्यावर, बापाला पुरून आल्यावर म्हणतो. म्हणजे आपल्या दुःखाचा असा अर्थ लावण्याचा अधिकार ज्याने ते भोगले त्याचा, आणि तोही त्याच्या वेळेला. रमाबाईंचे आयुष्य वाचताना ही मर्यादा मी पाळणार आहे. त्यांनी स्वतः मागे वळून जे जोडले ते जोडलेले सांगेन. जिथे जोडणी माझी आहे तिथे ती माझी म्हणूनच घ्यावी.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्या काळी हा अपराधच होता. उडुपीला पंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला आणि बाईने संस्कृत शिकायला शास्त्राची आडकाठी नाही हे त्यांनी शास्त्राच्याच आधाराने दाखवून दिले. गावात राहून हे चालू ठेवता येईना, म्हणून रानात आश्रम. पुढे खर्च झेपेनासा झाला आणि सगळे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. क्षेत्राच्या ठिकाणी बसून पुराण सांगायचे, लोक देतील ते घ्यायचे आणि पुढच्या क्षेत्राला जायचे. वडील थकलेले असल्यामुळे रमाबाईंना शिकवले ते मुख्यतः आईने. भागवताचे हजारो श्लोक त्यांना तोंडपाठ होते.

धर्मग्रंथाशी अशी सलगी, व्याकरणाची अशी शिस्त, आणि जाणत्यांच्या सभेला त्यांच्याच ग्रंथांतून उत्तर देण्याची धमक, हे सगळे त्या मुलीला एका कर्मठ, देवभोळ्या, पण न्यायाच्या बाबतीत कोणाला न भिणाऱ्या हिंदू घरातून मिळाले. हे सांगताना काही ख्रिस्ती लेखक अडखळतात आणि काही हिंदू लेखकही. रमाबाई मात्र अडखळल्या नाहीत. वडिलांच्या श्रद्धेशी त्यांचे पुढे पटले नाही, पण वडिलांच्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांनी शेवटपर्यंत आदरानेच लिहिले.

त्याच घराने त्यांना एक गोष्ट दिली नाही, आणि तिची किंमत भयंकर पडली. पोटापाण्याचे कोणतेही काम मुलांना शिकवले नव्हते. शास्त्रग्रंथांबाहेरचे जग जणू नव्हतेच. 1870 नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा हे कुटुंब व्रते, अनुष्ठाने, दानधर्म करत राहिले. जवळचे पैसे संपले, मग दागिने, मग भांडीकुंडी. भीक मागायची लाज आणि मजुरी करायची माहिती नाही. अखेर ते रानात शिरले आणि झाडपाला खाऊन दिवस काढू लागले. दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा भाऊ म्हणाला की जातीचा अभिमान गुंडाळून ठेवून मी मजुरी करीन आणि तुम्हाला पोसीन. वडील थांबले, पण वाचले नाहीत.

मरण्याआधी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन जे सांगितले ते रमाबाईंनी 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत नोंदवले आहे. तुला मी देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची आहेस आणि जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा आशयाचे ते बोलणे होते. वडिलांना ख्रिस्त माहीत नव्हता. मुलगी ते शब्द विसरली नाही, आणि आपल्या आयुष्याला लागलेले वळण तिने त्या शब्दांशी स्वतः जोडले. पाचारणावर लिहिणारे पुष्कळ जण त्याची सुरुवात बाप्तिस्म्यापासून धरतात. रमाबाईंनी ती मरणशय्येवरच्या एका वैष्णव ब्राह्मणापासून धरली. ख्रिस्ती साक्षीच्या वाङ्मयात ही फार विरळ गोष्ट आहे.

मग आई गेली. शेवटच्या दिवसांत आईसाठी अन्न मागायला रमाबाई एका घरी गेल्या, तर तोंडातून शब्द फुटेना. तिथल्या बाईने ओळखून बाजरीची भाकरी दिली, पण आईला ती खाण्याचेही त्राण उरले नव्हते. तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. उंचीने त्या ठेंगण्या होत्या. खांदा पुरेना म्हणून आईचा भार त्यांनी डोक्यावर घेतला आणि तसे स्मशान गाठले. पाठोपाठ थोरली बहीणही गेली.

उरली दोन भावंडे. ती देशभर पायी फिरली. काश्मीरकडे झेलम नदीच्या काठी थंडीपासून वाचायला वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्र काढली. ही यात्राच होती. मनात मात्र यात्रेवरचा विश्वास उडत चालला होता. 1878 मध्ये दोघे कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचा नोंदणी विवाह केला. सिल्चरच्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले आणि त्या ते आवडीने वाचू लागल्या. नवऱ्याला ही ओढ रुचली नाही. 1882 च्या सुरुवातीला पटकीने तो गेला. लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती.

त्यानंतरचे पुणे, आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, हे सगळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ते सोडून मी सरळ इंग्लंडला जातो.

वाँटेज इथे सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन जोगिणींच्या संघात त्या राहिल्या. या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम इथली आपली शाखा दाखवली. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत. रमाबाई थक्क झाल्या. अशा बाईवर दया करावी, तिला पुन्हा उभे करावे, असे त्यांनी घोकलेल्या शास्त्रांत त्यांना कुठे आढळले नव्हते. या बायकांसाठी तुम्ही एवढे का करता, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. तिने योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. ख्रिस्त त्या स्त्रीशी बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो, तिला तुच्छ लेखत नाही.

या ठिकाणी पूर्वायुष्याचे काम उघड दिसते. तीच गोष्ट इंग्लंडातल्या हजारो मुली रविवारच्या शाळेत ऐकत होत्या. रमाबाईंच्या रूपाने ती तीर्थक्षेत्री टाकून दिलेल्या विधवा पाहिलेल्या बाईने, परक्या दारात मुक्याने उभे राहिलेल्या मुलीने, स्वतः विधवा झालेल्या आईने ऐकली. शब्द तेच होते, पण ते पडायला इथे जागा तयार होती. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तो आनंदाचा, निर्वेध दिवस होता असे समजू नये. त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी आत्महत्या केली होती. परदेशात, त्या धक्क्यातून नुकतेच सावरत रमाबाई वेदीपुढे उभ्या होत्या.

ख्रिस्ती झाल्यावरही त्या कोणाच्या मुठीत गेल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून, मुलीच्या वळणावरून, चर्चच्या अधिकारावरून त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइनशी पत्रांतून कडाडून वाद घातले. क्रॉसवर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही विचारले. ज्या भगिनींनी जीव लावून शिकवले त्यांना हा हट्ट वाटला. उडुपीच्या सभेपुढे उभे राहिलेल्या अनंतशास्त्र्यांची ही लेक होती, असे मला वाटते. तो स्वभाव खुडून टाकला असता तर पुढचे केडगाव उभे राहिले नसते.

1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. बालोद्यानाची पद्धत शिकल्या, व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षे मदतीचे वचन दिले. त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. इथे धर्म शिकवायचा नाही, फक्त शिक्षण द्यायचे, ही अट होती. मुली आपणहून रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा पुण्यात वादळ उठले आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

त्यांच्या आतल्या जीवनातला मोठा बदल मात्र 1891 च्या सुमारास झाला होता. आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही, असे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवले. विद्वान बाईला धर्म पटला होता. तहान भागली नव्हती. ही कबुली त्यांनी उघडपणे लिहून ठेवली. पाचारण म्हणजे एकदाच वाजणारी घंटा, असे मानणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

1896 च्या उन्हाळ्यात लोणावळ्याला एक ख्रिस्ती शिबिर भरले. रमाबाईंसोबत ख्रिस्ताला मानणाऱ्या पंधरा मुली होत्या. त्यांनी प्रार्थनेत मागितले की या पंधरांचे पंधरा पट होऊ दे, म्हणजे 225. त्यांच्या सदनात तेव्हा एकूण मुलीसुद्धा तेवढ्या नव्हत्या. आणि त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

रमाबाई निघाल्या. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना वर्तमानपत्रातून समजून घ्यावे लागले नाही. मदत छावण्यांमध्ये धान्य मिळते की नाही एवढेच बाहेरचे लोक पाहत होते. रमाबाईंनी पाहिले की एकट्या पडलेल्या तरुण मुलींवर कोणाची नजर आहे, कोण त्यांना फूस लावून नेते, छावणीच्या रखवालदारांपैकी कोण त्यात सामील आहे. वीस वर्षांपूर्वी याच वयाची, याच भुकेने पिळवटलेली मुलगी त्या स्वतः होत्या. 1897 मध्ये त्यांनी दुष्काळाचे अनुभव लिहिले, तेव्हा सुरुवात आपल्याच दुष्काळापासून केली. आपण यातून गेलो म्हणून या मुलींना सोडून बसवत नाही, हा त्या लिखाणाचा गाभा. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल म्हणतो की देव आपले सांत्वन करतो ते आपण इतर पीडितांचे सांत्वन करू शकावे म्हणून. रमाबाईंनी ते चालून दाखवले.

मुली शेकड्यांनी आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना. तेव्हा उपयोगी पडली ती केडगावची जमीन. बोस्टनची मदत दहा वर्षांनी संपणार, म्हणून सदनाला उत्पन्न व्हावे यासाठी फळबागेला ती आधीच घेऊन ठेवली होती. तिथे विहिरी खणल्या, झोपड्या उभारल्या, मग इमारती, आणि 1898 मध्ये मुक्ती सदन रीतसर सुरू झाले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

मुक्तीत प्रत्येक मुलीला लिहिण्यावाचण्याबरोबर हाताचे काम शिकावे लागे. विणकाम, शेती, गुरे, तेलघाणा, स्वयंपाक, छापखाना. आंधळ्या मुलींनासुद्धा काम होते. कुठल्याही आश्रमात थोडेफार उद्योग असतातच, पण इथल्या आग्रहामागे एक घर उपाशी मेलेले होते. हजारो श्लोक पाठ असून भाकरी कमवता न येणारी ती मुलगी पुढे संस्था चालवू लागली, तेव्हा तिने ती चूक एकाही मुलीच्या वाट्याला येऊ दिली नाही.

आता अवघड प्रश्न. केडगावसाठी देवाने अनंतशास्त्र्यांचे कुटुंब उपाशी मारले का? असे करणारा देव मला मान्य नाही आणि ख्रिस्ती परंपरेलाही तो मान्य करण्याची गरज नाही. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सर्व गोष्टी मिळून कल्याणाला कारण होतात असे म्हणतो, सर्व गोष्टी कल्याणकारक आहेत असे म्हणत नाही. त्याच दुष्काळात लाखो माणसे मेली. त्यांच्या मरणातून कोणतेही सदन उभे राहिले नाही. दुःख आपोआप कोणाला घडवत नाही, पुष्कळांना ते मोडून टाकते. रमाबाईंच्या बाबतीत जे झाले ते असे, की आठवण जपली गेली, तिचे विष झाले नाही, आणि योग्य वेळी दुसऱ्याची भूक पाहून ती जागी झाली. या जपण्यात आणि जागे होण्यात देवाचा हात आहे, अशी ख्रिस्ती माणसाची श्रद्धा असते. म्हणून दुःखात बसलेल्या माणसाला, देव तुला यातून काही कामासाठी तयार करतो आहे, असे कोणीही सांगू नये. धर्मगुरूनेही नाही. त्याला भाकरी द्यावी, तिरडीला खांदा द्यावा. अर्थ लावायचाच तर तो स्वतः लावील, योसेफासारखा, पुष्कळ वर्षांनी.

आयुष्याची शेवटची दीड-एक दशके रमाबाईंनी ज्या कामाला दिली त्यात बालपण पुन्हा कामी आले. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर होती, खेड्यातून आलेल्या त्यांच्या मुलींना ती कळत नसे. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साऱ्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. नवी भाषा व्याकरणापासून पकडायची सवय गंगामूळच्या रानातली. कोणता संस्कृत शब्द अडाणी बाईला अडेल, हे संस्कृत रक्तात मुरलेल्या या बाईला नेमके समजत होते. जुळणी आणि छपाई केडगावच्या छापखान्यात मुक्तीच्याच बायकांनी केली. 1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून बाहेर पडले. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्थानक लागते, तिथून ते जवळच आहे.